जाण्याआधीचे सत्कार

प्रवासाने माणसाचे मन विशाल होते, असे थोर लोक सांगत आले आहेत. मी हयातभर कॉलेजात इतिहास शिकवला, त्यामुळे थोर लोकांचं बोलणं मध्येच तोडायची मला सवय नाही. फक्त एक दुरुस्ती सुचवावीशी वाटते. आमच्या नगरमध्ये माणूस विशाल होतो तो प्रवासाच्या आधी, आणि त्याचं माप साधारण दहा बाय आठ फूट असतं. चौकातल्या फ्लेक्सवर तो हात जोडून उभा असतो, मागे विमान असतं, आणि खाली शुभेच्छुकांचे चेहरे असतात. ते त्याच्या चेहऱ्यापेक्षा किंचित मोठे असतात.

हे आठवायचं कारण, फाल्गुन परत आला आहे. मार्केट यार्डाकडून वारा सुटला की गावरान कांद्याचा वास सावेडीत आमच्या घरापर्यंत पोचतो. कडब्याने फुगलेले टेम्पो रस्त्याकडेच्या बाभळींना घासत जातात आणि मागे फांद्यांवर ज्वारीची वाळली पानं लोंबत राहतात. दहावीची मुलं रिक्षात बसून शेवटचं पान वाचतात, जणू पहिली सगळी वाचून झाली आहेत. नगरचा उन्हाळा काही वाजतगाजत येत नाही. एके सकाळी नळाला पाणी येत नाही, तेव्हा तो आलेला असतो. गेल्या वर्षापासून या सगळ्यात माझ्यापुरतं एक भलतंच गाव मिसळून गेलंय. कांद्याचा वास नाकात गेला की मला दक्षिण स्पेनमधलं ग्रानादा आठवतं. तिथे मी कधीही गेलेलो नाही.

गोष्ट माझी नाही, सुमनची आहे. सुमन माझी पत्नी. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिने चौथीपर्यंतच्या मुलांना शिकवलं. माहेर पाथर्डीकडचं. तिच्या लहानपणाच्या सगळ्या गोष्टींत पाणी आहे, म्हणजे पाणी नाही आहे. आडाच्या तळाशी उतरून वाटीने घागर भरणाऱ्या बाया आहेत. टँकरचा आवाज ऐकून वर्गातून उठून पळालेली मुलं आहेत, आणि त्यांच्यामागे पळालेल्या बाई आहेत. लग्न होऊन नगरला आली तेव्हा घरात नळ बघून तिला फार आनंद झाला होता. नळाला पाणी दिवसाआड येतं हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं.

निवृत्त झाल्यावर ती माझी पुस्तकं झटकायला बसली. एका जाड पुस्तकात आंदालुसियाचे, म्हणजे दक्षिण स्पेनचे, फोटो होते. मूरांचा, म्हणजे आफ्रिकेतून आलेल्या मुसलमान राज्यकर्त्यांचा, स्पेन हा विषय आमच्या अभ्यासक्रमात 'टिपा लिहा' एवढ्याच लायकीचा होता, त्यामुळे ते पुस्तक मी अभिमानाने विकत घेतलं होतं आणि फारसं उघडलं नव्हतं. फडकं हातात तसंच ठेवून ती एका फोटोपाशी थांबली. ग्रानादाच्या अल्हाम्ब्रा राजवाड्यातला चौक होता. पांढऱ्या फरशीत बोटभर खोल पन्हळ कोरलेली, आणि तिच्यातून पाणी खोलीतून चौकात, चौकातून दुसऱ्या खोलीत निघालेलं.

"अहो, हे घर आहे ना?"

"राजवाडा आहे."

"मग घरातून पाट का काढलाय?"

"शोभेसाठी. आणि गारव्यासाठी."

तिने फोटोतल्या पन्हळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "आणि कुणी हंडा लावलेला नाही."

त्या संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, मला हे बघायचंय. आमच्या संसारात तिने कधी काही मागितलं नाही, असं मी म्हणणार नाही. प्रेशर कुकर मागितला होता, आणि बदली मागितली होती, ती मिळाली नाही. पण कुठल्या जागेसाठी तिने असं कधी म्हटलं नव्हतं. "बघायचं म्हणजे," तिने स्वतःच दुरुस्त केलं, "ऐकायचंय. घरातून वाहताना त्याचा आवाज कसा येतो ते."

मला सहलींचा मनापासून कंटाळा आहे. बसमधून एखादी संस्कृती खिडकीच्या चौकटीत दाखवायची, मग तिच्यासमोर उभं राहून तिच्याकडे पाठ करायची आणि फोटो काढायचा, यात इतिहासाचा मला तरी अपमानच दिसतो. पण सुमनच्या उजव्या गुडघ्याची गादी झिजली होती. डॉक्टरांनी ऑपरेशन करून घ्या म्हटलं होतं, आणि ऑपरेशनला तिचा नकार नव्हता. फक्त आधी ग्रानादा, मग गुडघा, असा तिचा क्रम होता. "ऑपरेशन बिघडलं तर?" एवढंच ती म्हणायची. त्यावर इतिहासाच्या अपमानाचा मुद्दा टिकेना.

सहल कंपनीचं माहितीपत्रक आलं. 'मूरांच्या सुवर्णयुगात एक मंतरलेली मुशाफिरी.' पहिल्याच पानावर अल्हाम्ब्राचा तो पाण्याचा चौक होता, आणि शेवटच्या पानावर रोज भारतीय जेवण आणि शक्य तिथे पिठलं देण्याचं आश्वासन. आमच्या भागातून आणखी एकच नाव नोंदलं गेलं, कोठुळे साहेबांचं. कोठुळे साहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, एकटे राहणारे, उंचेपुरे गृहस्थ. त्यांच्याशी बोलताना आपण अर्ज घेऊन आलो आहोत असं वाटत राहतं. बाकी मंडळी पुण्या-नाशिककडची.

मग सुमनने चालण्याचा सराव सुरू केला. ग्रानादात चढ आहेत असं तिने कुठून तरी वाचलं होतं. आमच्याकडे चढ म्हणजे चांदबीबी महालाची टेकडी. तिथे चांदबीबी राहिली नाही आणि पुरलेलीही नाही, ती कबर सलाबतखानाची आहे, हे मी विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांना सांगितलं. त्यातले काही पुढे रिक्षा चालवू लागले आणि अजूनही 'चांदबीबी महाल, चांदबीबी महाल' म्हणूनच ओरडतात. पहाटे आम्ही पायथ्याशी पोचायचो. गुडघ्याला पट्टा, पायात मुलीने पाठवलेले बूट, हातात माझी छत्री काठीसारखी. वाळलेल्या गवताचा गोडसर वास यायचा, मोर ओरडायचे. ती वळणावळणावर थांबायची, पण बसायची नाही. बसलं तर उठायला दुखतं. मी मागे चालायचो आणि इतर लोकांना वाटायचं, मी थकलोय.

एका संध्याकाळी आम्ही फराहबागेत गेलो. निजामशाहीतला महाल, चहूबाजूंनी तलाव. तलावात क्रिकेट चालू होतं. कापूरवाडीकडून खापराच्या नळांनी शहरात पाणी आणलं होतं, हे मी तिला सांगितलं. खरं तर मला ते सांगताना नेहमीच अवघडल्यासारखं व्हायचं, कारण ऐकणारी मुलं टँकरचं पाणी पिऊन आलेली असायची.

"म्हणजे इथंही तसंच होतं?" तिने विचारलं.

"साधारण तसंच."

"मग गेलं कुठं?"

राजे कुठे गेले याच्या बखरी असतात. पाणी कुठे गेलं याची बखर कुणी लिहीत नाही. एक चेंडू आमच्या पायाशी आला, तो तिने परत फेकला, आणि आम्ही घरी आलो.

पासपोर्ट पुण्याला व्हिसासाठी गेले, आणि इकडे बोरुडे अण्णा आले. अण्णा आमच्या कॉलनीतल्या ज्येष्ठ नागरिक संघाचे अध्यक्ष. दुसऱ्याचा सत्कार केल्याशिवाय त्यांना रात्री झोप लागत नसावी.

"सर, रविवारी सत्कार."

"अण्णा, अजून व्हिसा आलेला नाही."

"येतोच हो तो. जातो कुठं?"

"आल्यावर करू की. परत आल्यावर."

"परत आल्यावर माणूस दमलेला असतो सर, त्याला कसला आलाय सत्कार? शिवाय फ्लेक्सवाला आत्ता मोकळाय. पुढं निकाल लागतात, मग पोरांचे फ्लेक्स, मग नेत्यांचे वाढदिवस. तुमचं स्पेन पावसाळ्यात जाईल."

परदेशी निघालेल्या माणसाचा आमच्याकडे जाण्याआधी सत्कार होतो, यात नवल काहीच नव्हतं. कुणाचा मुलगा जर्मनीला निघाला, कुणी दुबईला मुलीच्या बाळंतपणाला निघालं, की शाल येते. माणूस काय बघून येतो याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. तो जातोय, हीच त्याची कामगिरी. रविवारी संघाचा झाला. मग महिला मंडळाचा. मग सुमनच्या शाळेचा. मग तिच्या माहेरच्या देवस्थानाचा, तिथे तिला फेटाही बांधला. कपाळावरून घाम वाहत असताना खांद्यावर लोकरीची शाल घेऊन आम्ही दोघं अभिवादन स्वीकारत राहिलो. या देशात सन्मानाचं आणि हवामानाचं कधीच जमलेलं नाही.

संघाच्या कार्यक्रमात कोठुळे साहेब बोलले. "मूरांनी पाणी खेळवलं, बंधूंनो, आणि आम्ही पाणी अडवलं!" टाळ्या पडल्या. माझ्या मागच्या खुर्चीवरून कुणीतरी शांतपणे म्हणालं, "अडवलं ते खरंय. आमच्या शेताच्या चारीला अजून सुटलं न्हाई."

रामभाऊंचं म्हणणं वेगळं होतं. पाणी अडवून नावारूपाला आलेल्या हिवरे बाजारहून रामभाऊ आमच्याकडे दूध घालतात. चौकातला आमचा फ्लेक्स त्यांनी वाचला होता.

"बाई, पानी बगायला इमानानं चालल्यात व्हय?"

"हो रामभाऊ."

"आवं मग आमच्याकडं या की. तिकडून लोक येत्यात आमचं पानी बगायला. आमी च्या बी पाजतो."

सुमन हसली. पण तिला अडवलेलं पाणी बघायचं नव्हतं. ते तिने पुष्कळ पाहिलं होतं.

व्हिसा आला नाही. का आला नाही ते कुणी सांगितलं नाही. कोठुळे साहेबांचा आला. आम्ही बॅगा घेऊन पुण्याला मुलीकडे जाऊन बसलो, म्हणजे पासपोर्ट हातात पडला की तिथूनच मुंबई गाठता येईल. घराला कुलूप, दाराशी सुमनने काढलेली रांगोळी. शेजाऱ्यांनी दही दिलं हातावर. पुण्यात सुमन रोज सकाळी बूट घालून तयार बसायची. विमान ज्या दिवशी उडालं त्या दिवशीही बसली होती. दुपारी तिने बूट काढले, मोजे धुऊन वाळत टाकले, आणि मुलीच्या घरातले डबे घासायला काढले. साम्राज्यांचा ऱ्हास मी सात मुद्द्यांत समजावून दिलेला आहे, पण यासाठी माझ्याकडे एकही मुद्दा नव्हता.

पासपोर्ट आले तेव्हा मंडळी परतीच्या वाटेवर होती. व्हिसा छान चिकटवलेला होता. त्यावरची मुदत संपत आली होती.

एसटीने आम्ही नगरला आलो. चौकात आम्ही दोघं अजून हात जोडून उभे होतो. उन्हाने आधी विमान फिकं झालं होतं, मग माझा चेहरा. पुढच्या आठवड्यात ढग दाटून आले आणि फ्लेक्स नाहीसा झाला. तो कुणाच्या तरी कांद्याच्या ढिगावर गेला असणार. आमच्या जिल्ह्यात सगळ्या प्रसिद्धीचा शेवट कांद्यावरच होतो, आणि मला ते योग्यच वाटतं.

आम्ही आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी रामभाऊ आले होते. मी आत पेपर वाचत होतो. दारातलं बोलणं ऐकू येत होतं.

"आलात का बाई?"

"आलो."

"कसं हुतं?"

इथे सुमन थांबली. न गेल्याची हकिगत तिची मुलीच्या शेजारणींना, व्याह्यांना, नाशिकच्या जावेला, एसटीतल्या ओळखीच्या बाईला सांगून झाली होती. प्रत्येक वेळी समोरचा माणूस विचारायचा, पण का नाही आला व्हिसा? आणि हकिगत पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची.

"छान होतं," ती म्हणाली.

"लई पानी हाय म्हनं तिथं?"

"लई नाही. थोडंच. पण घरातून वाहतं. आवाज मोठा नसतो त्याचा. माठ पाझरतो ना रामभाऊ, तसा."

"आरं वा," रामभाऊ म्हणाले, आणि मापाने दूध ओतलं.

आत येऊन तिने पातेलं गॅसवर ठेवलं. मी पेपर खाली घेतला. ती दुधाकडे बघत म्हणाली, "दमले हो मी. जाऊन आल्याचं सांगायला एक वाक्य लागतं. न गेल्याचं सांगायला अर्धा तास."

रामभाऊ दहा घरी दूध घालतात. संध्याकाळपर्यंत आम्ही स्पेनला जाऊन आलो होतो. पुढे अण्णांनी 'अनुभवकथन' ठेवलं, वक्ते कोठुळे साहेब आणि सुमन मॅडम. ती घाबरली. कोठुळे साहेबांना तर सगळं ठाऊक होतं, बसमध्ये आमच्या जागा रिकाम्या गेलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. एका वाक्यात ते तिला उघडं पाडू शकले असते. ते उभे राहिले आणि अल्हाम्ब्राच्या आत शिरले. चौकामागून चौक, पन्हळींचा उतार, खांबांची नक्षी, सिंहांच्या तोंडातून पडणारी धार. खाती चालवलेल्या माणसाचा आवाज होता तो. मग म्हणाले, "बाकी वहिनी सांगतीलच," आणि बसले. सुमनने पाण्याबद्दल तीन-चार वाक्यं सांगितली. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने डोळे मिटून घेतले होते. दोन शाली मिळाल्या.

घरी येताना सुमन म्हणाली, "भला माणूस आहे हो. सांभाळून घेतलं."

पावसाळ्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ते बिघडलं नाही. आणि आता हा फाल्गुन. माहितीपत्रक पुन्हा दारात पडलं, पुन्हा तोच चौक, तेच पाणी. तिने ते उचलून टीव्हीवर ठेवलं. आठवडाभर धूळ झटकताना उचलायची, परत ठेवायची. शेवटी मीच विषय काढला.

"जाऊन आलेल्या ठिकाणी परत कशाला चाललात, असं विचारतील लोक," ती म्हणाली.

"लोकांना सांगायचंच कशाला?"

"नगरमध्ये?" तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आत्ताच स्पेनहून आलो आहे. "आणि कळलं तर अण्णा दुसऱ्या वारीचा सत्कार ठेवतील. पहिली न करता दुसरी. माझ्यात नाही आता ताकद."

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने बूट घातले. टेकडीवर कुणी विचारलं, तर डॉक्टरांनी चढायला सांगितलंय, असं ती सांगते. डॉक्टरांनी तिला चढ टाळायला सांगितलं आहे. या खेपेला कंपनी नाही, गट नाही, पिठलं नाही. आम्ही दोघंच, आणि फक्त ग्रानादा. राजवाड्याच्या आतलं तिकीट मुलीने आधी काढलं, विमानाचं नंतर. व्हिसा परवा आला. पासपोर्ट ज्वारीच्या डब्यात ठेवले आहेत, कारण कपाटात महिला मंडळाच्या बायका डोकावतात म्हणे.

काल टेकडीवर कोठुळे साहेब भेटले. वरच्या कठड्यावर एकटेच बसले होते. खाली नगर धुरकट दिसत होतं.

"वहिनी, नवा गुडघा काय म्हणतो?"

"चढतोय." ती थांबली, श्वास घेतला, आणि वर्षभर मनात ठेवलेलं बोलून टाकलं. "साहेब, त्या दिवशी सभेत तुम्ही मला सांभाळून घेतलंत. आभार मानायचे राहिले."

कोठुळे साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. मी होतो, आणि एक मोर होता.

"मी कसलं सांभाळतोय वहिनी. मीच घाबरलो होतो, तुम्ही मध्येच आतलं काही विचाराल म्हणून."

"म्हणजे?"

"आत सोडलंच नाही आम्हाला. तिकिटं संपली म्हणाले. समोरच्या टेकडीवर बस थांबवली आणि तिथून दाखवला राजवाडा. असा." त्यांनी हात लांब करून भुईकोट किल्ल्याच्या दिशेने दाखवलं. तिथे नुसती झाडी दिसत होती. "भाषणातलं सगळं सरांच्या पुस्तकातलं. जाताना वाचायला नेलं होतं ना मी."

सुमन त्यांच्या शेजारी कठड्यावर बसली. ऑपरेशननंतर तिला बसता येतं, आणि उठताही येतं.

"मग पाण्याचा आवाज?"

"बसचा एसी चालू होता, त्याचा येत होता."

मग तिने, मला न विचारता, त्यांना सांगून टाकलं. आम्ही निघालोय. पुढच्या महिन्यात. आतलं तिकीट आहे.

कोठुळे साहेब उठून उभे राहिले. सत्काराला उभे राहायचे तसे नाही, साधेच. "जाऊन या वहिनी," ते म्हणाले. "आल्यावर मला एकट्याला सांगा कसं वाहतं ते. अण्णांना नको."

उतरताना त्यांनी आणखी एक खुलासा केला. त्या समोरच्या टेकडीवर बस मुळात राजवाड्यासाठी थांबली नव्हती. तिथे स्वच्छतागृह होतं.